पोरीचं पोट रात्री दुखायला लागलं तर सोनोग्राफी रात्रीच करा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पेपरच्या पुरवणीत मुलींच्या आरोग्यावर बरंच काही येतं, पीसीओडीवर (अंडाशयात बारीक बारीक गाठी दिसतात आणि पाळी बिघडते तो आजार) तर इतकं येतं की हल्ली आया टेबलाशेजारी उभ्या राहून मलाच विचारतात, मॅडम ओव्हरी बल्की (मोठी) आहे का तेवढं बघा. चांगलंच आहे, माहिती असावी. पण मुलींच्या ओव्हरीला जो पीळ पडतो, ज्याला डॉक्टर लोक टॉर्शन म्हणतात, त्यावर दोन ओळीसुद्धा माझ्या वाचनात आलेल्या नाहीत. मी एका तालुक्याच्या गावात सोनोग्राफी करते, रात्रीचे फोनही घेते, आणि या एका आजारात पोरी उशिरा येतात त्याचं फार वाईट वाटतं म्हणून हे पत्र. लांब झालं तर कात्री लावा पण मधला भाग ठेवा.

आधी आजार काय ते सांगते. ओव्हरी म्हणजे अंडाशय, गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंना एकेक, दोन पट्ट्यांवर टांगलेलं असतं आणि त्याच पट्ट्यांमधून त्याच्या रक्तवाहिन्या जातात. लहान मुलींमध्ये गर्भाशय छोटं असतं, या पट्ट्या त्या मानाने लांब असतात, त्यामुळे ओव्हरी बऱ्यापैकी हलती असते. कधी त्यात पाण्याची गाठ म्हणजे सिस्ट असते किंवा डर्मॉइड नावाची साधी, कॅन्सर नसलेली गाठ असते, वजन वाढतं आणि ती स्वतःभोवती फिरते. पण गाठबीठ काही नसताना, चांगल्या धडधाकट ओव्हरीलाही पीळ पडू शकतो आणि मोठ्या बायकांपेक्षा मुलींमध्ये हे जास्त दिसतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पीळ पडला की आधी शिरा दबतात कारण त्यांच्या भिंती मऊ, रक्त आत येत राहतं पण बाहेर जायची वाट बंद, मग ओव्हरी सुजत जाते, सुजली की अजून दबते, आणि शेवटी धमनीसुद्धा बंद पडते. किती तासांत ओव्हरी मरते याचा पक्का आकडा कुणी देऊ शकत नाही, कारण पीळ किती घट्ट आहे त्यावर ते आहे, पण जितका उशीर तितकी ती हातची जायची शक्यता जास्त एवढं नक्की.

हा आजार काही घरोघरी नसतो हेही सांगायला हवं, उगाच घाबरवायचं नाहीये. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत वीस वर्षांपर्यंतच्या मुलींमध्ये वर्षाला लाखात साधारण पाच असं प्रमाण आलं होतं. पोट दुखणाऱ्या बहुतेक मुलींना बद्धकोष्ठता असते, पाळीचं दुखणं असतं, लघवीचं इन्फेक्शन असतं, नाहीतर अपेंडिक्स. पण या बाकीच्यांना सकाळपर्यंत थांबवलं तर बहुतेक वेळा निभावून जातं (अपेंडिक्स सोडून), टॉर्शनला मात्र निभावत नाही.

आता नेहमी घडतं काय ते बघा. तेरा चौदा वर्षांची पोरगी, हॉस्टेलला असेल नाहीतर घरी, संध्याकाळी अचानक ओटीपोटात एका बाजूला जोरात कळ येते, जास्त करून उजवीकडे कारण डावीकडे मोठं आतडं जागा अडवून बसलेलं असतं, कळेबरोबर एकदोन उलट्या होतात. बाई विचारतात पाळी आलीय का, येणारे का, आणि मग मेफ्टाल देतात, ओवा देतात, गरम पाण्याची पिशवी देतात. तासाभराने दुखणं कमी होतं, पोरगी झोपते, सगळे म्हणतात बघा म्हटलं नव्हतं का. आणि इथेच घोळ होतो, कारण पीळ कधी कधी थोडा सुटतो आणि परत बसतो, त्यामुळे दुखणं येऊन जाऊन असणं हे टॉर्शनमध्ये अगदी नेहमीचं आहे, दुखायचं थांबलं म्हणजे आजार गेला असं धरता येत नाही. पहाटे परत कळ, परत उलटी, मग गावातला डॉक्टर, तो अपेंडिक्सच्या संशयाने सलाईन लावतो, इंजेक्शन देतो आणि सांगतो सकाळी सोनोग्राफी करून घ्या, दहा वाजता सेंटर उघडतं. म्हणजे संध्याकाळी सातला सुरू झालेलं दुखणं दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या टेबलावर येतं आणि तोपर्यंत मी काय बघायचं राहिलेलं असतं ते तुम्हीच समजून घ्या.

मुलगाच असता आणि त्याच्या वृषणाला पीळ पडला असता तर ते बाहेरून दिसतं, सुजतं, लाल होतं, हात लावू देत नाही, आणि सर्जन लोकांच्या डोक्यात सहा तासांचं घड्याळ लगेच सुरू होतं. मुलींचं सगळं आत असतं, दिसत नाही, म्हणून घड्याळच सुरू होत नाही. दिसत नाही तेच दाखवायला तर सोनोग्राफी आहे ना.

सोनोग्राफीतही एक गंमत असते. मोठ्या बायकांची तपासणी आतून करता येते, मुलींची तशी करत नाही, करूही नये, त्यांची पोटावरूनच करायची आणि त्यासाठी मूत्राशय भरलेलं हवं, म्हणजे त्याच्या पाण्यातून मागची ओव्हरी स्वच्छ दिसते. आता होतं असं की पोरगी दवाखान्यात आली की सिस्टर पहिल्यांदा डबी हातात देते, जा लघवीचं सॅम्पल घेऊन ये. पोरगी मूत्राशय रिकामं करून येते, मग सोनोग्राफीला पाठवतात, तिथला माणूस म्हणतो ब्लॅडर भरलेलं नाही, पाणी पिऊन दोन तास बसा. ती बिचारी आधीच उलट्या करतेय, पाणी पोटात ठरत नाही, आणि कसंबसं लिटरभर प्यायली की ऑपरेशनला भूल देणारे डॉक्टर म्हणतात आत्ता पाणी प्यायलीय, आता थांबावं लागेल. दोन्हीकडचे आपापल्या जागी बरोबर आणि मधे ओव्हरी. यावर उपाय साधा आहे, तोंडाने काही द्यायचं नाही, सलाईन चालू करायचं, त्याने मूत्राशय आपोआप भरत येतं, अगदीच घाई असेल तर मूत्राशयात नळी घालून भरता येतं, आणि सॅम्पल सोनोग्राफी झाल्यावर घ्यायचं नाहीतर अर्धंच घ्यायचं. आणि अजून एक, माझ्याच व्यवसायातल्या लोकांना सांगते, मूत्राशय भरलेलं नसलं तरी एकदा प्रोब (पोटावर फिरवतो तो मशीनचा दांडा) ठेवून बघा हो! पीळ पडलेली ओव्हरी सुजून इतकी मोठी झालेली असते आणि बऱ्याचदा जागा सोडून मधोमध वर आलेली असते, की ती अर्धवट भरलेल्या मूत्राशयातही दिसून जाते. दिसली तर दोन तास वाचले.

टेबलावर मी काय करते ते सांगते. पोरगी गुडघे पोटाशी घेऊन पडलेली असते, तिला म्हणते एका बोटाने दाखव कुठे दुखतंय, आणि प्रोब तिथेच ठेवते. मग दोन्ही ओव्हऱ्या मोजायच्या, लांबी गुणिले रुंदी गुणिले जाडी, त्याला ०.५२ ने गुणलं की मिलिलिटरमध्ये साईज येते. समजा उजवी ६ बाय ४ बाय ४ सेंटिमीटर आली, म्हणजे साधारण ५० मिली, आणि डावी ३ बाय २ बाय २, म्हणजे जेमतेम ६ मिली. एकाच पोरीच्या दोन ओव्हऱ्यांमध्ये आठपट फरक आणि जी मोठी आहे तिथेच बोट ठेवून ती दुखतंय म्हणतेय, तर याच्यापुढे विचार करायला फारसं काही उरत नाही. शिवाय सुजेमुळे आतले छोटे छोटे फॉलिकल, म्हणजे ज्यांत स्त्रीबीज वाढतं त्या पाण्याच्या बारीक पिशव्या, कडेला ढकलले जातात आणि मोत्याची माळ लावल्यासारखे ओळीने दिसतात, खाली थोडं पाणी साठलेलं असतं, गर्भाशय त्या बाजूला ओढलं गेलेलं असतं, आणि नशीब चांगलं असेल तर पीळ पडलेला देठच दिसतो, प्रोब वरखाली सरकवला की भोवऱ्यासारखा फिरताना दिसतो. तो भोवरा दिसला की मी रिपोर्ट टाईप व्हायची वाट बघत नाही, सरळ सर्जनला फोन लावते.

त्या कडेच्या फॉलिकलवरून एक सांगायलाच पाहिजे, कारण पीसीओडीचं वेड इथे अंगाशी येतं. पीसीओडीतही फॉलिकल कडेलाच दिसतात. पण तिथे ते सहसा दोन्ही बाजूंना असतं, आणि तिथे पोरगी रात्री दोन वाजता ओरडत येत नाही. एकच ओव्हरी फुगलीय, दुसरी नॉर्मल आहे, आणि रिपोर्टवर लिहिलंय पीसीओ, असा कागद हातात आला तर तो कागद परत घेऊन जा आणि विचारा. तसंच ते मेसेंटरिक नोड्स, म्हणजे पोटातल्या गाठी, पालक घाबरतात त्या शब्दाला पण लहान मुलांच्या पोटात बारीक गाठी कुणाच्याही दिसतात, ओव्हरी न बघता नुसत्या गाठींवर दुखणं ढकलून मोकळं होणं हा आळस आहे, दुसरा शब्द नाही. मुलगी असेल आणि अपेंडिक्स बघायला पाठवली असेल तर दोन्ही ओव्हऱ्या बघितल्याशिवाय तिला टेबलावरून उतरवायचं नाही.

आता मूळ मुद्दा, ज्याच्यासाठी मधला भाग कापू नका म्हटलं. डॉप्लर. स्क्रीनवर लाल निळे ठिपके दिसतात तो रक्तप्रवाह. पालकांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच डॉक्टरांनाही, असं वाटतं की लाल निळं दिसलं म्हणजे रक्त चालू आहे, म्हणजे पीळ नाही. हे चूक आहे. ओव्हरीला रक्त दोन बाजूंनी येतं, एक थेट महाधमनीतून निघणाऱ्या धमनीतून आणि दुसरं गर्भाशयाच्या धमनीच्या फांदीतून, आणि मघाशी सांगितलं तसं आधी शिरा दबतात, धमनी उशिरापर्यंत चालू असते, पीळ सैल असेल तर बराच वेळ चालू असते. त्यामुळे टॉर्शन असतानाही डॉप्लरवर रंग दिसू शकतात, आणि हे कधीतरी एखाद्या केसमध्ये नाही, चांगल्या प्रमाणात दिसतात. उलट पाच सहा वर्षांच्या पोरीची ओव्हरी इतकी छोटी आणि खोल असते, रक्त इतकं सावकाश वाहतं, की अगदी निरोगी ओव्हरीतही कधी रंग पकडता येत नाहीत. म्हणजे रंग असण्यावर पण भरवसा नाही आणि नसण्यावर पण नाही. ओव्हरी सुजलेली आहे का, जागा सोडलीय का, दोन बाजूंत फरक किती, पोरगी कुठे दुखतंय म्हणते, हे बघून ठरवायचं असतं. पण रिपोर्टच्या खाली व्हॅस्क्युलॅरिटी प्रिझर्व्ड (म्हणजे रक्तप्रवाह चालू आहे) एवढे दोन शब्द आले की सगळं घर निवांत होतं, सर्जन उद्या बघू म्हणतो. अहो पण वरच्या ओळीत ओव्हरी आठपट लिहिलीय ती कोण वाचणार! आणि सोनोग्राफी पूर्ण नॉर्मल आली तरी पोरगी तशीच तळमळत असेल, परत परत कळ येत असेल, तर सोनोग्राफी पुन्हा करायची किंवा दुर्बिणीतून आत बघायचं, कारण पीळ सुटलेल्या वेळेत फोटो काढला असेल तर तो नॉर्मलच येणार.

बाकी मग लाजेचं आहेच. अजून कित्येक घरांत सोनोग्राफी म्हणजे गरोदरपण एवढंच डोक्यात असतं. वडील म्हणतात, लग्नाआधी पोरीची सोनोग्राफी कशाला, कुणी बघितलं तर काय म्हणतील, आणि सेंटरच्या बाहेर गाडीत बसून राहतात, आईला एकटीला आत पाठवतात. वयात आलेल्या मुलीच्या पोटात दुखत असेल तर डॉक्टर लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायला सांगतात, त्यावरून तर भांडणं होतात, आमच्या पोरीवर संशय घेता का म्हणून. संशय कुणी घेत नाही, ती टेस्ट सगळ्यांचीच करतात, कारण गर्भ नळीत राहिला तर तेही असंच दुखतं आणि तेही जिवावर बेततं.

आणि कायदा. आपल्या राज्याने गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा केला, मग १९९४ चा केंद्राचा आला, तो २००३ साली अजून कडक झाला. तो कायदा हवाच, २०११ च्या जनगणनेत आपल्या बीड जिल्ह्यात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या हे मी विसरलेली नाही, आणि माझ्या मशीनची नोंदणी, भिंतीवरचा बोर्ड, रजिस्टर सगळं मी मुकाट्याने करते. पण त्या कायद्यातला एफ फॉर्म गरोदर बाईसाठी आहे. पोट दुखणाऱ्या बारा वर्षांच्या पोरीची तपासणी त्या फॉर्मसाठी अडायचं काहीच कारण नाही, तरी काउंटरवर कुणीतरी भीतीपोटी अडवतं, आधार आणा, चिठ्ठीवर शिक्का नाही, उद्या या. हे थांबलं पाहिजे. डॉक्टरची चिठ्ठी असावी, नसेल तर सेंटरवाल्याने फोन करून मागवून घ्यावी, पोरीला परत पाठवू नये.

यातली खरी अडचण वेगळीच आहे. मशीन सरकारी दवाखान्यात असतं, ते चालवायची ज्यांच्या नावावर नोंद आहे तो डॉक्टर रात्री नसतो, आणि बाकी कुणाला त्याला हात लावता येत नाही. कायद्याने तेही बरोबर आहे. मग एमबीबीएस डॉक्टरांना सहा महिन्यांचं ट्रेनिंग देऊन सोनोग्राफी करता येईल असे नियम २०१४ साली आलेत ते कशासाठी आहेत? असे ट्रेनिंग घेतलेले डॉक्टर उपजिल्हा रुग्णालयांत रात्रपाळीला नेमा, त्यांची नावं नोंदवा, किंवा गावातल्या खाजगी सोनोलॉजिस्टबरोबर रात्रीच्या कॉलचं ठरवून टाका, पैसे वेळेवर द्या म्हणजे झालं. आरोग्य खात्यातलं कुणी आपला पेपर वाचत असेल तर त्यांनी एवढं बघावं ही विनंती.

ऑपरेशनबद्दल थोडं सांगते, मी सर्जन नाही पण फॉलोअपच्या सोनोग्राफी माझ्याकडेच येतात. पूर्वी ओव्हरी काळीनिळी दिसली की काढून टाकायचे, पीळ सोडवला तर आतली रक्ताची गुठळी वर सरकेल अशी भीती होती, ती भीती खरी ठरली नाही. आता दुर्बिणीतून पीळ सोडवतात आणि काळी दिसली तरी ओव्हरी आत ठेवतात, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ साली मुलींसाठी हेच सांगितलंय. आणि हे नुसतं पुस्तकात नाही, ऑपरेशनमध्ये जांभळ्या वांग्यासारखी दिसलेली ओव्हरी काही महिन्यांनी माझ्या स्क्रीनवर नॉर्मल साईजची, आत फॉलिकल धरलेली दिसते, तेव्हा मी स्वतः दोनदा मोजते. म्हणून सही करायच्या आधी सर्जनना विचारा, ओव्हरी ठेवणार ना? विचारायचा तुम्हाला हक्क आहे, कुणी रागावत नाही. क्वचित गाठ कॅन्सरची असेल असं वाटलं तर गोष्ट वेगळी, पण मुलींच्या टॉर्शनमध्ये तसं कमीच असतं. आणि समजा काढावीच लागली तरी दुसरी ओव्हरी चांगली असेल तर पाळी येते, पुढे मूलही होतं. मला प्रत्येक आई हेच विचारते, आवाज खाली करून, मॅडम लग्नाच्या वेळी सांगावं लागेल का. बाई, पोरगी नववीत आहे, तिची आधी चाचणी परीक्षा होऊ दे.

अगदी तान्ह्या मुलींचंही असतं. आईच्या हार्मोन्समुळे पोटातल्या बाळाच्या ओव्हरीत सिस्ट होते, ती शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत दिसते, बहुतेक वेळा जन्मानंतर आपोआप विरून जाते पण मोठी असेल तर तिलाही पीळ पडू शकतो. अशा बाळाला जन्मानंतर सोनोग्राफीला बोलावलं असेल तर तारीख चुकवू नका, बाळ रडत नाही म्हणून गेलो नाही असं सांगू नका.

हॉस्टेलच्या रेक्टर, आश्रमशाळेच्या बाई, शाळेतल्या मॅडम, यांच्यासाठी एवढंच. पोट अचानक दुखायला लागलं, एका बाजूला, सोबत उलटी, किंवा दुखणं जाऊन परत आलं, तर गोळी देऊन झोपवू नका. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा, ती ॲम्ब्युलन्स फुकट असते. निघताना जिथे नेताय तिथे फोन करून तीन गोष्टी सांगा: दुखणं किती वाजता सुरू झालं, शेवटचं काय आणि कधी खाल्लं, आणि सोनोग्राफीवाले डॉक्टर आहेत का, नसतील तर कुठे आहेत, म्हणजे दोन दवाखाने फिरायला नकोत. वाटेत पाणी, चहा, लिंबू सरबत काही पाजू नका. आणि पोरीला सांगा, जमत असेल तर लघवी थोडी धरून ठेव, डॉक्टर बघतील मग जा.

आपली,
एक वाचक (सोनोलॉजिस्ट), जि. सातारा